मागे जा

केंटकीच्या डोंगरात, कोळशाच्या रस्त्याला लागून
नाणी टाकून कपडे धुवायचं एक दुकान होतं.
सोळा मशीनं तिथली. सतरावं आमचं:
फ्रिजएवढी लाकडी पेटी, तिला काचेचं तोंड,
पोटात ताटाएवढी चंदेरी तबकडी.
साल त्र्याण्णव. नाणं टाकायला फट नाही, म्हणून
पहिले दोन आठवडे कुणी विश्वासच ठेवला नाही.

काचेला बोट लावलं की ती बोलायची.
आवाज व्हर्लीन स्टँपरचा. ती स्कूलबस चालवायची.
विद्यापीठातल्या बाईंनी आधी शहरातून नटी आणली होती;
तिला ऐकून बायका म्हणाल्या, ही काहीतरी विकतेय.
मग व्हर्लीन. स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली,
"पन्नाशी आली ना गं? मग मॅमोग्राफी करून घ्यायची.
दुखतं जरा. दारात बोट चेमटण्याइतकंही नाही."
शेवटचं वाक्य आमच्या कागदावर नव्हतं.
आम्ही ते राहू दिलं.

दर शुक्रवारी ऐंशी मैल गाडी हाकत मी जायचो,
फ्लॉपी बदलायचो, व्हिनेगरनं काच पुसायचो.
पुसण्याआधी मान तिरकी करून बघायचो:
साबणाच्या भुकटीची बोटं, जेलीची बोटं,
पोरांची, ज्यांना फक्त तबकडीची घरघर हवी असायची,
आणि खाली उजव्या कोपऱ्यात, "मागे जा"वर,
ठशांवर ठसे, इतके
की काच तिथं दुधाळ झालेली.

फ्लॉपी नाव सांगत नसे.
वार, वेळ, कुठलं पान, किती सेकंद, एवढंच.
ऑगस्टपासून एक नोंद येऊ लागली:
मंगळवार, पहाटे पाच चाळीस.
वय पन्नास ते चौपन्न.
पान बारा, गाठ हाताला कशी लागते.
दोनशे ऐंशी सेकंद.
मागे जा.

पान बारा नव्वद सेकंदांत संपतं.
म्हणजे तीनदा ऐकलं,
आणि दहा सेकंद नुसतं उभं राहणं.

पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्याही.
मी आकडे जुळवणारा माणूस,
त्या दहा सेकंदांचा रकाना मला सापडेना.
बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, डेल्बर्ट,
कोण आहे ते शोधायचं नाही, असं आपण लिहून दिलंय.
खरंच होतं ते.

नोव्हेंबरात मी मंगळवारी गेलो.
दिवे विझवून गाडीतच बसलो.
पाच चाळीसला पिवळी बस येऊन थांबली,
इंजिन चालूच, दार उघडंच.
व्हर्लीन उतरली. हातात धुणं नव्हतं.
काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं:
एक व्हर्लीन बोलत होती, दुसरी
काखेशी हात घट्ट धरून ऐकत होती,
शाळेतल्या नव्या मुलीसारखी.
तिची माझी गाठ रेकॉर्डिंगनंतर पडलीच नव्हती.
तेव्हाही पडली नाही. मी उतरलो नाही.

शुक्रवारी फ्लॉपी उघडली.
पान बारा, नव्वद सेकंद.
मग एकदम पान एकोणीस, जवळचं केंद्र.
फोन नंबर छापू?
हो.
हो.
हो.
कागदाचा रोल संपला होता.
तो बदलणं माझं काम.

नंबर मी हातानं लिहिला, सात मोठे आकडे,
शाळेमागे उभ्या बसच्या वायपरखाली खोचला.
नाव लिहिलं नाही, तिचंही, माझंही.
लिहून दिलेलं मोडलं की पाळलं, अजून ठरत नाही.

पुढच्या मंगळवारी नोंद नाही.
त्याच्या पुढच्याही नाही.
पाच चाळीसच्या जागी कोरी ओळ,
आणि कोरी ओळ कशी वाचायची
याचं पान आम्ही तबकडीत घातलं नव्हतं.

काच मी पुसत राहिलो.
आत तिचा आवाज, बोट लावेल त्याला,
दारात बोट चेमटण्याइतकंही नाही, म्हणत.